टोकाच्या सोंगट्या

माजाँग हा सोंगट्यांचा खेळ माणसाला हार पचवायला शिकवतो, असं जाणकार सांगतात. त्या शनिवारी दुपारी मिझोबुचीला हार पचवायची नव्हती, आधी ती मिळवायची होती. आणि ती काही केल्या मिळत नव्हती.

समोर त्याचे साहेब, तोगावा. डावीकडे संत्री बागायतदार संघाचे खरेदीप्रमुख ओची. या हंगामाची खोकी कोणाकडून घ्यायची हे ओचीच ठरवणार होते. त्यांना जिंकायला फार आवडे. समोरचा मुद्दाम हरतोय असं वाटलं की मात्र ते टोपी उचलून चालू लागत. चौथा गडी ऐनवेळी आला नाही, म्हणून अड्ड्याची मालकीण हात्सुएबाई हातातलं फडकं टाकून खेळायला बसली होती. तिला खोकी विकायची नव्हती. ती खेळत होती.

"ओची पहिले यायला हवेत," जिना चढताना तोगावासाहेब म्हणाले होते. "नाहीतर कुशिरोच्या शाखेत एक जागा रिकामी आहेच."

कुशिरो म्हणजे पार उत्तर, जूनमध्येही स्वेटर. मिझोबुचीने मागच्याच आठवड्यात इथे, मात्सुयामात, घर घेतलं होतं. घर घेतलेल्या माणसाची बदली लवकर होते हे कंपनीत सगळ्यांनाच ठाऊक. बायको आत्ता तिकडे पडद्यांची मापं घेत असणार.

शेवटचा डाव सुरू झाला. ओची पहिले होते. दुसरा मिझोबुची, आणि यात त्याचा काहीच हात नव्हता. तोगावासाहेब इतक्या निष्ठेने हरले होते की बाकीचे आपोआप वर सरकले होते.

सोंगट्या उभ्या केल्या तशी मिझोबुचीच्या कपाळावर घाम आला. सगळी टोकंच आली होती. एक्के, नव्वे, वारे, ड्रॅगन. आणखी तीन वेगळी टोकं आली असती, तर लोक नातवंडांना ज्याची गोष्ट सांगतात तो हात लागला असता. त्याने घाईघाईने एकेक फेकायला सुरुवात केली. नव्वा. पूर्वेचा वारा. हिरवा ड्रॅगन. मध्ये रचलेल्या सोंगट्यांच्या भिंतीतून नवी उचलावी तर अधूनमधून तीही टोकाचीच. तीही फेकली. कोणी एकीलाही हात लावला नाही.

"मिझोबुची," तोगावासाहेब उडोन शेवयांचा वाडगा बाजूला सारत गोड आवाजात म्हणाले, "उत्तरेची हवा मानवते का रे तुला?"

पाठोपाठ टेबलाखालून नडगीवर लाथ बसली.

मिझोबुचीने खाली पाहिलं. त्याच्यापुढे फेकलेल्या सोंगट्यांच्या रांगा होत्या, आणि त्यांत मधली, दोन ते आठमधली, एकही नव्हती. भिंत संपेपर्यंत कोणी जिंकलं नाही आणि एखाद्याने फेकलेलं सगळं असं टोकाचंच निघालं, कोणी न उचललेलं, तर बाकी तिघांनी त्याला मोठ्या हाताचे गुण द्यायचे असतात. आयुष्यात एखाद्या वेळी दिसणारी जीत, तीही कचरा टाकून मिळालेली. तो पहिला येणार होता.

उपाय सोपा होता. मधली एक सोंगटी फेकायची.

"मी तयार गं बाई," असं स्वतःलाच सांगत हात्सुएबाईने टेबलावर पैजेची काडी ठेवली. आता तिला फक्त एक सोंगटी हवी होती. गुणांत ती तिसरी होती, पण फार मागे नव्हती. ती जिंकली की ओची खाली जाणार.

"एवढा घाम?" ओची म्हणाले. "मुद्दाम तर हरत नाही ना तुम्ही दोघं?"

"छे हो साहेब! आमची लायकीच तेवढी," तोगावासाहेब हसले. लाथ पुन्हा बसली, या वेळी जरा वर.

मिझोबुची टोकंच फेकत राहिला. प्रत्येक वेळी वाटायचं, ही तरी कोणीतरी उचलेल. पश्चिमेचा वारा त्याने ओचींच्या अगदी जवळ सरकवला. ओचींनी तो सभ्यपणे परत ढकलला.

भिंतीतली शेवटची सोंगटी मिझोबुचीच्याच वाट्याला आली. कोरी पांढरी. टोकाचीच. तिच्या दोन बहिणी आधीच टेबलावर पडलेल्या होत्या, ती कोणालाच नको होती. हातात बाकी सगळ्या मधल्या, आणि त्यांतली कुठली हात्सुएबाईला हवी ते देवाला माहीत.

पांढरी टाकावी तर आपण जिंकतो. मधली टाकावी तर कदाचित ती जिंकते. कदाचित.

त्याने डोळे मिटून पाच टिकल्यांची सोंगटी टाकली.

"हीच!" हात्सुएबाईने आपल्या सोंगट्या आडव्या पाडल्या. "किती वेळ वाट पाहत होते मेलीची."

ओचींनी गुण पाहिले, खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "छान झाला खेळ," ते म्हणाले, आणि टोपी घेतली. तोगावासाहेब त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत वाकत वाकत गेले.

सोंगट्या गोळा करताना हात्सुएबाईच्या हाताला पांढरी लागली.

"अगंबाई, ही होती की तुमच्याकडे! टाकायची ना. कोणीच जिंकलं नसतं, तुमचे पाहुणे पहिले राहिले असते."

"पण मग माझं ते... सगळी टोकं..."

"ते होय? ते आम्ही धरत नाही इथे. गिऱ्हाइकं भांडतात." तिने त्याच्या डोक्यामागे बोट केलं.

मिझोबुची वळला. खोलीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती: 'फेकलेल्या टोकांचे गुण नाहीत.' तोगावासाहेब दुपारभर तिच्याकडे तोंड करून बसले होते.