स्वेटरचा रंग

त्या पत्राचं उत्तर राहून गेलं होतं. राहून गेलं, असं म्हातारे ग्रंथपाल स्वतःशी म्हणत. लेक म्हणे, "राहून गेलं नाही, बाबा. टाळताय तुम्ही."

पत्र परगावच्या पोलीस कचेरीचं होतं. नदीकाठी एका वृद्ध बाईचा मृतदेह मिळाला होता. ओळख पटेना म्हणून अंत्यविधीही उरकले होते. वय, उंची, पांढरे केस, सगळं त्यांच्या हरवलेल्या बायकोशी जुळत होतं. अंगावर हाताने विणलेला स्वेटर होता. तो दाखवण्याआधी कचेरीला, बायको हरवली तेव्हा तिच्या अंगावर होता त्या स्वेटरच्या रंगाचं वर्णन लेखी हवं होतं, जमलं तर नमुन्यासह. जुळला तर पुढची चौकशी. नाही तर त्यांच्यापुरतं प्रकरण बंद.

घरातल्या तिच्या फोटोंचा उपयोग नव्हता. दिव्याच्या उजेडात स्वेटर दर फोटोत वेगळाच दिसत होता.

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या लेकीने शेवटी आपल्या मुलीचा बारा रंगीत पेन्सिलींचा डबा त्यांच्यापुढे आणून ठेवला.

"मला कुठे चित्रं काढता येतात?"

"चित्र नकोय. एक चौकोन हवाय. हात मी शिकवते, डोळे तुमचे."

स्वेटर दोन लोकरी एकत्र धरून विणलेला होता. एक विटकरी, एक निळसर राखी; दोन्ही केव्हाच संपल्या होत्या. धड जांभळा नाही, धड तपकिरी नाही. असा रंग डब्यात कुठून असणार?

त्यांनी गुलाबी पेन्सिल घेतली.

"दाबू नका हो! मागच्या टोकाला धरा. गोल गोल फिरवा."

"मधून कागद दिसतोय."

"दिसू दे. वरच्या थराला जागा नको? आणि सांभाळून. एकदा गडद झालं की मागे येता येत नाही."

गुलाबीवर निळा आला, निळ्यावर तपकिरी. पहिला चौकोन पाहून लेक म्हणाली, "वांगं झालंय." आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली, मग पेन्सिलीला टोक काढू लागली.

"जन्मभर पुस्तकात डोकं. आई समोर बसून विणायची, ते तरी दिसत होतं का तुम्हाला?"

"दिसत होतं," ते हळूच म्हणाले. "टाके मोजताना बोललेलं तिला खपायचं नाही. मग मी नुसता बघत बसायचो."

लेकीने मान फिरवली.

दुसऱ्या चौकोनात निळा जास्त झाला. तिसरा फारच लाल. पुढच्या चौकोनावर त्यांनी अगदी शेवटी नारिंगीचा हात फिरवला, जेमतेम टेकेल इतकाच. आणि पेन्सिल थांबली.

"बाबा? हाच का?"

ते चौकोनावरून बोट फिरवत राहिले, लोकर असावी तसं.

"हाच ना?"

"हाच."

लेक त्यांच्या शेजारी बसली. म्हणाली, "जुळला तर जुळला. कुणी दार वाजवलं की जीव गोळा होतो माझा. एकदाचं कळू दे."

तिने चौकोन कापून उत्तराच्या कागदावर डकवला. खाली त्यांनी सही केली.

"मी येते बरोबर."

"नको. मी टाकून येतो. तेवढेच पाय मोकळे होतील."

पोस्टात गर्दी नव्हती. बाकावर बसून ग्रंथपालांनी पाकिटातून कागद काढला. कितीतरी वेळ ते त्या चौकोनाकडे पाहत बसले, टाके मोजणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे, न बोलता.

मग त्यांनी खिशातून डब्यातली हिरवी पेन्सिल काढली. आधी हलक्या हाताने, गोल गोल. मग दाबून, आणखी दाबून, कागद चकाकेपर्यंत. घरातल्या कुठल्याच लोकरीचा नव्हता असा रंग झाल्यावर त्यांनी वरचा भुगा फुंकला, पाकीट चिकटवलं आणि टपालपेटीत टाकलं.