एकही तडा नाही

आत्याबाईंच्या घराशेजारी नव्या इमारतीच्या पायासाठी सुरुंग लावून खडक फोडायचा होता. परवानगीची अट अशी, की आधी आसपासची घरं तपासायची आणि सुरुंगामुळे पडलेल्या नव्या तड्यांचीच भरपाई द्यायची.

आत्याबाईंनी लगेच भाच्याला कामाला जुंपलं. "सगळे जुने तडे पुट्टी भरून बुजव आणि वर रंग मार. एकदा सुरुंग उडू दे, भिंती त्यांच्याच खर्चानं नव्या करून घेऊ!"

तपासनीस घरभर फिरला. "कमाल आहे, आजी! एवढं जुनं घर, पण एकही तडा नाही."

"निगा राखावी लागते हो," आत्याबाई लाजत म्हणाल्या.



त्यानं तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. "लहान सुरुंगांची अट तडे गेलेल्या घरांजवळ असते. हे घर भक्कम आहे, इथे बिनधास्त मोठे लावा."