पडद्यावरच्या मुंग्या

निवृत्त वायरलेस ऑपरेटरने हौसेने रेडिओ संदेश पाठवायला आपला जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर सुरू केला, की वरच्या मजल्यावरचे मास्तर हटकून खाली उतरत. "रेडिओवाले, आमच्या टीव्हीवर परत मुंग्या," म्हणत खुर्ची अडवत आणि चहाचे दोन कप होईपर्यंत भांडत.

ऑपरेटर एकटाच राहायचा, ही सोबत त्याला हवीच होती, पण माणूस नको तितका प्रामाणिक. तक्रारीच्या हात धुऊन मागे लागला, तेव्हा दोष सापडला. व्हॉल्व्ह भलत्याच वरच्या फ्रीक्वेन्सीवर आपला आपणच थरथरत होता, त्याच लहरी टीव्हीत घुसत असणार. त्याने एका रेझिस्टरवर जाड तारेचे वेढे दिले, तो व्हॉल्व्हच्या टोपीशी जोडला आणि थरथर थांबली.

"मास्तर, आता तक्रारीला जागा नाही."

"बरं झालं," म्हणून मास्तर चहा न घेताच वर गेले.

मग पंधरा दिवस ते आलेच नाहीत. शेवटी ऑपरेटरने ते तारेचं वेटोळं काढून टाकलं, ॲम्प्लिफायर लावला आणि दाराकडे बघत बसला. कोणी येईना, तेव्हा स्वतःच वर गेला. मास्तरांच्या सुनेने दार उघडलं.

"टीव्हीवर मुंग्या येतायत ना?" त्याने आशेने विचारलं.



"टीव्ही तर आम्ही वर्षापूर्वीच काढून टाकला, काका. आणि बाबांचं हल्ली इथे मन लागेना, म्हणून कालच त्यांना मोठ्या भाऊजींकडे पोहोचवलं."