अख्खं घर एका फोटोत

"डोंगर तर बराच लांब दिसतोय," चौकशी अधिकारी म्हणाले आणि त्यांनी फोटो टेबलावर फिरवून हौसाकाकीसमोर सरकवला.

काकीला कळेना. तिच्या परसाची भिंत वरपासून खालपर्यंत फुटली होती. डोंगर फोडणाऱ्या कंपनीचे सुरुंग घरापासून लांब न्या, एवढंच सांगायला ती उलव्याकडून पनवेलला आली होती. फोटो तिच्या पुतण्याने, निकेशने काढला होता. तो शेजारीच उभा होता. त्याला मात्र लगेच कळलं.

निकेश बिल्डरांसाठी सुकापूरच्या फ्लॅटचे फोटो काढायचा. छोटा मिररलेस कॅमेरा, भिंती सरळ उभ्या ठेवणारी जाडजूड टिल्ट-शिफ्ट लेन्स आणि दोघांच्या मधे फोकल रिड्यूसर. म्हणजे काच बसवलेली एक कडी. मोठ्या लेन्सला जेवढं दिसतं तेवढं सगळं ती छोट्या सेन्सरवर गोळा करून बसवते. कोपऱ्यात पाठ टेकून उभं राहिलं तरी अख्खी खोली फोटोत मावते. खुराड्याचा हॉल होतो. खिडकी दूर पळते. लोक भुलतात, बुकिंग करतात. हे निकेशला चांगलं ठाऊक होतं. त्याचीच तर तो मजुरी घ्यायचा.

काकी म्हणाली होती, "घर अख्खं आलं पायजे रं. ओटी, तुलस, मागचा डोंगर, सगला."

अंगण लहान. निकेशचा हात सवयीने चालला. कडी लावली, ओटीच्या तोंडाशी उभा राहिला, अख्खं घर घेतलं. घर ऐसपैस झालं आणि डोंगर मागे टेकाडाएवढा. रस्त्यापलीकडे जाऊन साध्या लेन्सने काढला असता तर डोंगर घराच्या मानगुटीवर बसलेला दिसला असता. बसलाच आहे तो. पण फोटो झकास आला म्हणून गाढवाने मोठा करून लॅमिनेटसुद्धा केला.

"साहेब, ही लेन्स अंतर वाढवून दाखवते," तो म्हणाला. "डोंगर परसाला लागून आहे."

कंपनीचे उदयसिंह हसले. "म्हणजे फोटो खोटा? मग तड्यांचे फोटोही याच कॅमेऱ्याचे ना? तेपण काढू या फाइलमधून."

"तड्यांचे खरे आहेत."

"वा! आपल्या सोयीचे तेवढे खरे?"

फोटो खरा म्हणावं तर डोंगर लांब. खोटा म्हणावं तर भिंत धडधाकट. अधिकाऱ्यांनी तेवढ्यात 'घर सुरक्षित अंतरावर' असं लिहून खाली सहीसुद्धा ठोकली.

"अवं साहेब," काकी उठली, "डोंगर लांब नाय. या पोराच्या मिशनीत लांब गेलाय. चला ना घरी, आताच चला. च्या घ्या आनी तुमच्या डोल्यांनी बगा."

सही झाली होती. साहेबांना आता चहाचं वावडं नव्हतं. म्हातारीचं मन राखायला काय जातंय? ते खुर्चीतून उठले. "चला, येऊ जाऊन."

उदयसिंह घाईघाईने आडवे आले.

"आत्ता नको साहेब. दुपारचे सुरुंग उडायचेत. त्या घरापर्यंत दगड येतात."