आडवी मान

गुलाबाच्या तेलाचा छोटा धंदा चालवणाऱ्या नेवेनाला कॉम्प्युटरवाल्याने बजावलं, "हल्ली चोर माणसाचा चेहरासुद्धा चोरतात. पासवर्ड कुणालाही देऊ नका." तिने पासवर्डची चिठ्ठी मुरंब्याच्या बरणीखाली दडवली. जर्मनीतल्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, पासवर्ड सांग, ऑर्डरी मी बघतो." चेहरा दम्यानचाच होता. तरी तिने खडसावून विचारलं, "तू दम्यानच ना?" त्याने मान वरखाली हलवली. तिच्या मनात पाल चुकचुकली. त्यांच्या बल्गेरियात होकाराला मान आडवी हलते. वरखाली म्हणजे नकार. "मेल्या, नक्कल तरी नीट शिकून ये," म्हणत तिने फोन कापला. ईस्टरला दम्यान धुमसत आला. "सख्ख्या भावाला चोर ठरवलंस?" ओशाळून तिने विचारलं, "जेवतोस?" दहा वर्षं जर्मनांत राहिलेल्या भावाने मान वरखाली हलवली आणि ताट ओढलं. तिने मटण वाढलं, पण बरणी चिठ्ठीसकट आत नेली.