एलमिर्झाचं शून्य

"शून्य?" डीन केनेशबेकनी कागद टेबलावर आपटला. कुमिसचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा डचमळला. "एलमिर्झा ओरोझमातोव्हला गणितात शून्य? बुरुल एजे, तुमचं यंत्र कुमिस ढोसून बसलंय का?"

गणिताच्या बुरुलबाईंना विद्यापीठात लहानथोर सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत. वर्षाची गुणतपासणी होती, नऊ विषयांचे नऊ मास्तर बसले होते आणि बाकीचे सगळे एजेंकडे असे बघत होते, जणू त्यांनीच कुणाचं तरी घोडं चोरलंय.

भांडण तसं जुनंच. मागच्या वर्षी मेंढपाळाच्या अनारकुलला ऑनलाइन चाचणीत एक्क्याण्णव पडले होते. एजेंनी गुणांचा कागद डीनच्या कचेरीत दिला. कचेरीतून पोर्टलवर चढेपर्यंत तिचे एकसष्ट झाले आणि कुणाच्या तरी भाच्याच्या एकसष्टचे एक्क्याण्णव. एजेंना त्या कचेरीची शिसारी आली. हिवाळाभर राबून त्यांनी चाचणी थेट पोर्टलला जोडली. पोरांनी उत्तरं दिली की गुण सरळ नावापुढे. "मध्ये कुणाचा हात नाही," असं त्या वर्गात अभिमानाने सांगायच्या. यंदाही अनारकुलला एक्क्याण्णव पडले आणि ते एक्क्याण्णवच राहिले. बिश्केकच्या शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाला एकच जागा होती. बाकीच्या विषयांतही ती पुढे होती, तेव्हा ती जागा या पोरीची, हे आता उघड होतं.

"बाकी आठ विषयांत नव्वदच्या वर आणि गणितात शून्य! असं कुठे असतं?" इतिहासाच्या जिबेकबाई म्हणाल्या. "इतका नम्र मुलगा. पहिल्या बाकावर बसतो."

"आणि धावतो काय!" कसरतीचे तुराट म्हणाले. "सत्त्याण्णव दिलेत मी. तीन कापले, ते नुसते लाज म्हणून."

"काल माझ्याकडे आला होता," डीन म्हणाले. "डोळ्यांत पाणी होतं हो बिचाऱ्याच्या. ही जोडणीच तोडून टाका. गुण पूर्वीसारखे कागदावर येऊ देत."

एजेंना हसू फुटणार होतं, ते त्यांनी आवरलं.

"आगाई," त्या डीनना अदबीने म्हणाल्या, "असा मुलगाच नाही. जोडणी चालते का ते बघायला मीच पोर्टलच्या यादीत एक खोटं नाव घातलं होतं. काढायचं राहून गेलं. आडनाव सुचेना, म्हणून तिथलं उचललं."

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर फलकावर प्रांताचे नवे गव्हर्नर ओरोझमातोव्ह दात काढून हसत होते.

तुराटनी वाडग्यात तोंड घातलं. जिबेकबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, आणि शोधतच राहिल्या. आडनाव बघून सगळ्यांनी मनात नातं जोडलं होतं आणि "कुणाचा रे तू?" विचारायची एकाचीही छाती झाली नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या एजेंनी, पण इथे तर बोंब मारणारे सह्या करून बसले होते.

डीननी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून घेतलं. एजेंना वाटलं, आता हा माणूस निदान खाली तरी बघेल. तो समोवराकडे गेला आणि स्वतःसाठी चहा ओतून आला.

"आठ सह्या झाल्यात. नाव काढलं तर चौकशी. नापास केलं तर बापाला बोलवा. कुणाच्या बापाला बोलवू? झाकली मूठ सव्वा लाखाची, एजे. त्याला शंभर घाला. नाहीतर जोडणी आजच तुटते आणि सगळ्यांचे कागद पुन्हा माझ्या कचेरीतून जातात."

सगळ्यांचे, म्हणजे अनारकुलचेही.

"शंभर घातले तर जोडणी राहील? एकाही गुणाला तुम्ही हात लावणार नाही?"

डीननी टेबलावरच्या भाकरीवर हात ठेवला. "या भाकरीची शपथ."

भाकरीची खोटी शपथ तो माणूसही घेणार नाही, हे एजेंना माहीत होतं. जो नाहीच त्याला शंभर दिले तर कुणाचं काय बिघडतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. गुण कोण बदलतंय, असं पोर्टलने विचारलं. त्यांनी आपलं नाव घातलं आणि शंभर लिहिले. मग नळावर जाऊन दोनदा हात धुतले. तरी हात झग्याला पुसावेत असं दिवसभर वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी अनारकुल धावत आली. गालांवर वारा लागून लाली चढलेली, हातात आईने बांधून दिलेलं सुक्या दह्याच्या गोळ्यांचं फडकं.

"एजे, यादी लागली! मी दुसरी आले!"

एजे खुर्चीवरून उठल्या. "दुसरी? यादी कुणी केली? डीननी?"

"छे! कुणीच नाही. पोर्टलने बेरीज केली आणि आपोआप बिश्केकला पाठवली. तुम्हीच म्हणता ना, मध्ये कुणाचा हात नाही?" ती हसली. डोळे भरून आले होते, पण हसली. "जागा एकच होती, ती पहिल्याला गेली. बरोबरच आहे. मी आता मेंढरांमागे वर कुरणात जाईन, पण पुस्तकं नेणार आहे."

एजेंना तिच्या हातातलं फडकं घ्यायचंही सुचेना.

"यातले अर्धे त्याला द्यायचेत, एजे. तुमच्या विषयात शंभर म्हणजे काय चेष्टा आहे? तो एलमिर्झा कुठे बसतो हो?"