चुंबळ

निकिता बारखाली होती. म्हणजे पाठ बेंचला टेकलेली, गुडघे वाकवलेले, कमरेवर साठ किलो, आणि ते सगळं ढकलायचं वर, नुसत्या बुडाच्या आणि मांड्यांच्या मागच्या जोरावर. हिप थ्रस्ट. त्यात जिमचं पॅड फाटलेलं, बार थेट हाडावर.

"तुझ्या आईनं पाहिलं ना हे, चक्कर येईल," शेजारी उभी उज्वला हसली. "प्रोफेसर बाईंना!"

निकितापण हसली. तिनंच तर सांगितलं होतं सगळ्यांना, आई कॉलेजात शिकवते म्हणून.

आणि तेवढ्यात काचेचं दार ढकलून आई आत आली.

खरी आई. चपला बाहेर काढून, डोक्यावर झेंडूची पाटी. पंचवटीतनं तशीच आलेली. तिनं पाटी खाली ठेवली, डोक्यावरची, पाटीखालची कापडाची चुंबळ हातात घेतली आणि पाटीतनं रुईची माळ काढली.

"दादा, शनिवार हाय. तुमच्या मारुतीला आणली. तुम्हीच घाला, आम्ही बायकांनी नाय हात लावायचा."

"आम्ही नाही मागवली, मावशी," ट्रेनर शेखर म्हणाला.

"आमची पोरगी येती ना इथं. ती म्हनली, मारुतीच्या फोटोला प्लॅस्टिकचा हार हाय..."

"कोण पोरगी?"

आईनं समोर आरशात पाहिलं. आरशात निकिता. नजरेला नजर भिडली, आणि निकितानं गळ्यातला नॅपकिन ओढून तोंडावर घेतला. उठून पळायचीपण सोय नाही, कमरेवर बार!

आईनं आरशावरची नजर काढून घेतली.

"नाय, इथं नाय ती," आई म्हणाली. "दुसऱ्या जिमला जाती वाटतं. माझंच चुकलं. माळ राहू द्या."

मग अनवाणी पावलं जवळ आली. झेंडूचा वास आला. नॅपकिनखाली निकितानं श्वासच रोखला.

"ताई, हाडाला लागत आसंल. हे घ्या खाली."

ताई म्हणाली. घ्या म्हणाली. बार आणि कमरेच्या मध्ये चुंबळ सरकवली, अजून कोमट होती, आणि गेली.

"किती गोड ना!" उज्वला म्हणाली. "अगं, पण चुंबळ राहिली तिची. कुठं बसते गं ती, तुला माहितीये?"

निकितानं नॅपकिन काढला. काचेबाहेर आई पाटी काखेत धरून चपला घालत होती. तिनं ती तशीच उघड्या डोक्यावर ठेवली, एका हातानं धरली आणि रस्ता ओलांडायला लागली.

निकितानं चुंबळ ओढून काढली. निळी. तिच्याच शाळेच्या ड्रेसची ओढणी.

"धर ही," ती उज्वलाला म्हणाली. "आणि सर, अजून दोन प्लेटा लावा. असंच, हाडावर."